कॅटवूमन: बॅटमॅनला बाजूला काढलं तर तिच्यात काय उरतं?

साखळीची_रेवा

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात फिल्म क्लब आहे, चवथीची सुट्टी संपली की प्रत्येकाने सिनेमातल्या एकेका पात्रावर बोलायचं, दोन-चार सीन दाखवायचे आणि मग चर्चा असं ठरलंय, वेळ साधारण दोन तास. मी कॅटवूमन घेतलीय, म्हणजे बॅटमॅनच्या गोष्टींतली मांजरीच्या वेषातली चोर, खरं नाव सेलिना कायल. २०२२ चा द बॅटमॅन बघितल्यापासून झोई क्रॅविट्झची सेलिना काही केल्या डोक्यातून जात नाही, मग मागे मागे जात बाकीचे पण बघितले.

सगळ्यात भारी कोण, ह्या याद्या नेटवर ढिगाने आहेत, त्या मला नकोत. मला असं विचारायचंय की कुठल्या सिनेमात ती स्वतःच्या पायावर उभी आहे? म्हणजे बॅटमॅन उचलून बाजूला ठेवला तरी तिची गोष्ट शिल्लक राहते असं. मैत्रीण म्हणते मग २००४ चा कॅटवूमनच दाखव ना, त्यात बॅटमॅन मुळातच नाही. पण तो बघताना मला तिच्याबद्दल काहीच वाटलं नाही आणि का वाटलं नाही ते धड सांगता येत नाहीये. तिथेच अडकलेय.

शिवाय कॉमिकमधून ती मधली काही वर्षं गायबच होती असं वाचलं, ते कशामुळे? आणि साठच्या दशकातल्या मालिकेत तिघी वेगवेगळ्या बायका होत्या का? कुणी जाणकार असतील तर जरा विस्ताराने सांगा.

मळ्यातला_प्रेक्षक

रेवा, चांगला विषय घेतलास. आधी गायब होण्याचं सांगतो कारण त्याशिवाय पुढचं लागणार नाही.

ती आली १९४० साली, बॅटमॅनच्या पहिल्याच अंकात, बिल फिंगर आणि बॉब केन यांनी केलेली. तेव्हा नाव नुसतं द कॅट. कान नाहीत, शेपटी नाही, काळे कपडे नाहीत. एका बोटीवर म्हातारीचं सोंग घेऊन ती हार चोरते, पकडली जाते, आणि बॅटमॅन तिला पळून जाऊ देतो. म्हणजे दोघांचं जे काय आहे ते पहिल्या दिवसापासून आहे. पुढे १९५० मध्ये तिला एक पूर्वायुष्य चिकटवलं, की ही म्हणे विमानातली एअर होस्टेस होती, अपघातात स्मृती गेली म्हणून चोर झाली. बाईने शुद्धीवर राहून चोरी करणं तेव्हा झेपत नसावं.

मग १९५४. अमेरिकेत कॉमिक्समुळे पोरं बिघडतात अशी मोठी ओरड झाली, फ्रेडरिक वर्थॅम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहिलं त्यात कॅटवूमनच्या चाबकाचं नाव घेऊन टीका आहे. प्रकाशकांनी घाबरून स्वतःच कॉमिक्स कोड काढला, त्यात गुन्हेगार आकर्षक दाखवायचा नाही, वाचकाला त्याच्याबद्दल सहानुभूती वाटता कामा नये असली कलमं. आता कॅटवूमन म्हणजे दुसरं आहे काय? जिच्याबद्दल सहानुभूती वाटते अशी आकर्षक चोर. झालं, ती जी गेली ती १९६६ पर्यंत आलीच नाही, बारा वर्षं. आणि परत आली ती पण टीव्हीवर आधी दिसली, मग कॉमिकमध्ये.

टीव्हीचं असं. १९६६ ला मालिका सुरू झाली, पहिल्या दोन सीझनला ज्युली न्यूमार. त्याच वर्षी सिनेमा निघाला त्यात ली मेरीवेदर, १९५५ ची मिस अमेरिका. तिसऱ्या सीझनला अर्था किट. न्यूमारने तो ड्रेस स्वतः बदलून घेतला, कंबरेचा पट्टा खाली नितंबावर आणला, त्याने तिची चालच बदलली. तो ड्रेस आज स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर ह्या तिघींत मिळायचं नाही, कारण मालिकेतल्या कॅटवूमनला घर नाही, नोकरी नाही, राग नाही. भागाच्या सुरवातीला येते, बेत रचते, हरते. मजा खूप आहे, आयुष्य नाही. मेरीवेदरच्या सिनेमात ती किटका नावाची रशियन पत्रकार बनून ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्याखालच्या बॅटमॅनला, भुलवते, आणि शेवटी तिचा मुखवटा पडतो तेव्हा दुःख कुणाच्या चेहऱ्यावर दिसतं तर त्याच्या. तिला काय वाटलं ते विचारायला कॅमेरा थांबतच नाही.

जत्रेतली_नटी

प्रेक्षकबाब, अर्था किटला तुम्ही एका ओळीत उरकलंत, ते मला पटलं नाही.

मी फोंड्याकडची, जत्रेच्या नाटकांतून आणि कला अकादमीच्या स्पर्धेतून काम करते, खलनायिकाच जास्त वाट्याला येतात, म्हणून हे मी नटीच्या नजरेने सांगते. किटकडे न्यूमारची उंची नव्हती, तिने सगळं आवाजावर घेतलं. र वर जीभ अशी घोळवते की मांजर अंगावर आल्यासारखं वाटतं. आमच्याकडे देवळाच्या मांडवात मागच्या रांगेतल्या म्हातारीला नुसत्या आवाजावरून कळतं की आता कोण आली, तसंच ते आहे. आणि एक बघा, न्यूमारच्या वेळी बॅटमॅन आणि तिच्यात जी लाडीगोडी होती ती किट आल्यावर काढून टाकली. ती काळी, तो गोरा. अमेरिकेतल्या १६ राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे होते ते तिथल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केले जून १९६७ मध्ये, आणि किटचा सीझन त्याच वर्षीचा. म्हणजे रेवा, तुझ्या प्रश्नाप्रमाणे बॅटमॅन बाजूला ठेवलेली पहिली कॅटवूमन तीच, फक्त ते तिच्या मर्जीने नव्हतं. जानेवारी १९६८ मध्ये व्हाइट हाऊसच्या जेवणाला बोलावलं तर तिथे प्रेसिडेंटच्या बायकोसमोर ती व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध स्पष्ट बोलली, आणि त्यानंतर अमेरिकेतली कामं बंद झाली, कित्येक वर्षं युरोपात जाऊन गायली. पडद्यावर तिला आयुष्य लिहून दिलं नाही पण जी बाई आत होती तिचं आयुष्य केवढं होतं. हे तुझ्या बोलण्यात यायलाच पाहिजे.

आता मिशेल फायफर, १९९२, बॅटमॅन रिटर्न्स. मला विचारशील तर सगळं तिथेच आहे.

ती सेक्रेटरी आहे. मीटिंग चाललीय, ती कॉफी देतेय, धीर करून एक सूचना मांडायला जाते आणि सगळे पुरुष तिच्याकडे असं बघतात की भिंत बोलली. मालक म्हणतो की हिला अजून नीट शिकवलेलं नाही पण कॉफी चांगली करते. आणि सगळे हसतात. मग घरी येते, मीच आले म्हणून स्वतःलाच सांगते, ऐकायला नवरा नाही, मांजर आहे, फोनवर आईच्या तक्रारी रेकॉर्ड झालेल्या. गुलाबी खोली, बाहुलीचं घर. फाईल विसरली म्हणून पुन्हा ऑफिसात जाते, मालकाच्या वीज प्रकल्पातली लबाडी तिला कळते आणि तो तिला खिडकीतून ढकलून देतो. बॅटमॅनचा ह्यात कुठे संबंध आहे सांगा? काहीच नाही. ती परत घरी येते, तीच रोजची वाक्यं बोलते पण आता आवाज मेलेला, आणि मग घर फोडते, काळा स्प्रे मारते, भिंतीवरच्या दिव्यांच्या अक्षरांतली दोन फोडते आणि हॅलो देअर चं हेल हिअर होतं. कपाटातला काळा चकचकीत कोट फाडून स्वतः शिवते. टाके दिसतात, मुद्दाम. पुढे मारामाऱ्या होत जातात तसतसे ते टाके उसवत जातात, शेवटी केस बाहेर, कातडी बाहेर. मी रोल करताना पोशाख कसा वाचायचा ते ह्या बाईकडून शिकले.

आणि कष्ट! तो ड्रेस अंगाला इतका घट्ट की पावडर लावून आत शिरावं लागायचं. चाबूक स्वतः शिकली, दुकानातल्या पुतळ्यांची डोकी उडवते ना एकामागून एक, ते तिने स्वतः, एका टेकमध्ये केलेलं आहे, शूटिंगची क्लिप आहे त्यात युनिटवाले टाळ्या वाजवतात. तोंडात पक्षी धरते तो पण खरा होता, जिवंत.

अजून एक सीन लोक विसरतात. कॅटवूमन झाल्यावर पहिलं काम काय करते तर रस्त्यात एका बाईवर हल्ला होतो तिला वाचवते, ती बाई आभार मानायला जाते तर तिलाच झापते, की कुणीतरी बॅटमॅन येईल म्हणून वाट काय बघत बसतेस. हा सीन तू दाखवच.

वास्कोचो_भुरगो

नटीताईंना शंभर टक्के. पण २००४ चं कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो कारण रेवाच्या मैत्रिणीचा मुद्दा तसा सोडून देण्यासारखा नाही.

कागदावर बघ काय होतं. हॅली बेरी, दोन वर्षांपूर्वीच ऑस्कर घेतलेली, सर्वोत्कृष्ट नायिकेचं ऑस्कर मिळालेली पहिली कृष्णवर्णीय बाई. बॅटमॅन नाही, त्याचं शहर गॉथम नाही, सेलिना कायल हे नाव सुद्धा नाही, हिचं नाव पेशन्स फिलिप्स. कॉस्मेटिक कंपनीत जाहिरातीचं डिझाईन करते, क्रीम धोकादायक आहे हे कानावर पडतं म्हणून तिला पाण्यात बुडवून मारतात, इजिप्शियन मांजर तिला जिवंत करते. म्हणजे साचा तोच, मालकाने मारली, मांजरांनी उठवली. मग फसलं कुठे?

माझ्या मते फसलं इथे की तिला राग येतच नाही. फायफरच्या सेलिनाला दररोज थोडं थोडं मारलेलं असतं आणि ते आपण बघितलेलं असतं, त्यामुळे खिडकीतून पडते तेव्हा तो शेवटचा धक्का वाटतो. पेशन्सचं ऑफिस नुसतं येऊन जातं. मरते, उठते, आणि लगेच कातडी पँट, बास्केटबॉल, दागिन्यांचं दुकान. दिग्दर्शक पिटॉफचा कॅमेरा सारखा तिच्या अंगाभोवती फिरतो आणि चेहऱ्यावर टिकतच नाही. शत्रू कोण तर शॅरन स्टोन, वय होतंय म्हणून जाहिरातीतून काढलेली मॉडेल, आणि खरं सांगू तर त्या सिनेमातला खरा राग तिच्याकडे आहे! चाळिशीत बाईला फेकून देणाऱ्या धंद्याविरुद्ध बोलणारी ती एकटी, आणि तिलाच खलनायिका केली. दोघी एका बाजूला आल्या असत्या तर केवढा सिनेमा झाला असता.

तर मैत्रिणीला सांग, नायक काढला म्हणजे नायिका आपोआप उभी राहत नाही.

हॅली बेरीबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. सगळ्यात वाईट नायिकेचं रॅझी मिळालं, असली बक्षिसं घ्यायला सहसा कुणी जात नाही, ही गेली, हातात ऑस्कर घेऊन स्टेजवर उभी राहिली आणि आभाराचं भाषण केलं.

साखळीची_रेवा

बाप रे, केवढं दिलंत सगळ्यांनी, देव बरें करूं! तिला राग येतच नाही, हेच मला सापडत नव्हतं.

नटीताई, तुम्ही सेक्रेटरीचं लिहिलंत आणि प्रेक्षकदादांनी म्हातारीच्या सोंगाचं, ते वाचताना एक लक्षात आलं, बरोबर आहे का सांगा. १९४० ला म्हातारी. १९९२ ला कॉफी देणारी सेक्रेटरी. २०१२ च्या द डार्क नाइट राइझेसमध्ये वेन मॅन्शनमधली, म्हणजे ब्रूसच्या वाड्यातली, मोलकरीण. २०२२ ला क्लबातली वेट्रेस. म्हणजे जिच्याकडे बघूनही लोक बघत नाहीत अशीच बाई दर वेळी. ट्रे पुढे करणारा हात दिसतो, चेहरा कुणाला आठवत नाही. हे धरून बोलले तर चालेल का? आणि २०१२ चं तुमचं काय मत, मला ॲन हॅथवे आवडली पण शेवटी ती ब्रूसबरोबर फ्लोरेन्सला कॅफेत बसते ते खटकलं.

मळ्यातला_प्रेक्षक

चालेल म्हणजे काय, हाच तुझा धागा. सोडू नकोस. मोलकरणीचा सीन तर त्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. हातात ट्रे, मान खाली, घाबरलेला आवाज, आणि ब्रूसने गळ्यातली मोत्यांची माळ ओळखली की एका क्षणात चेहरा उतरतो, म्हणजे घाबरलेला चेहरा उतरतो आणि खालचा थंड चेहरा वर येतो. माळ त्याच्या आईची. सत्तर वर्षांनी परत सोंग आणि परत गळ्यातला दागिना, १९४० चं सगळं तिथे आहे.

त्याहून चांगला बारमधला. गोळीबार होतो, तिनेच दोघा-तिघांना लोळवलेलं, पोलीस घुसतात आणि ही त्याच सेकंदाला किंचाळायला लागते, बिचारी सापडली मधे असं. पोलीस तिला बाजूने जाऊ देतात. बाई घाबरणारच हे जे जगाने गृहीत धरलंय त्याचाच तिने पास करून घेतला. आणि हॅथवे हे सगळं कसलाही भाव न खाता करते.

तिला हवंय काय तर क्लीन स्लेट नावाचं सॉफ्टवेअर, ज्याने सगळ्या डेटाबेसमधून तिचं नाव पुसलं जाईल. म्हणजे गरीब वस्तीतल्या मुलीला एकदा केलेल्या चुकीतून सुटका नाही, श्रीमंताला मात्र नव्याने सुरवात करता येते, हा तिचा राग आहे. पार्टीत नाचताना ब्रूसच्या कानात सांगते ना की वादळ येतंय, तो हाच. आणि पुढे खरंच खलनायक बेनने शहर उलटंपालटं केल्यावर लुटलेल्या घरात फोटोची फुटलेली फ्रेम बघून म्हणते की हे कुणाचं तरी घर होतं. दिग्दर्शक नोलनने तिला कॅटवूमन हे नाव एकदाही दिलं नाही, कान म्हणजे डोक्यावर सरकवलेला चष्मा. साधी ठेवली म्हणून पटते.

फ्लोरेन्सचं तुझं खटकणं मला मान्य नाही. गुन्हेगार बाईला सिनेमात शेवटी मरण नाहीतर पश्चात्ताप, ह्यापलीकडे काही मिळालेलं तू किती वेळा बघितलंस? ही आपल्याला हवं ते मिळवून कॉफी पीत बसलीय.

डिचोलीची_वाचक

मी इतका वेळ नुसती वाचत होते पण २०२२ राहिलाच म्हणून लिहितेय. प्रेक्षकदादांचं फ्लोरेन्सचं पटत नाही, तिच्या तोंडी तिथे एक वाक्य सुद्धा नाही, आपण तिला बघतो ते ब्रूसच्या नोकराच्या, आल्फ्रेडच्या डोळ्यांनी.

आणि डोळ्यांवरूनच सांगते, रेवा, मॅट रीव्हजच्या त्या सिनेमातला लेन्सचा सीन दाखव. बॅटमॅन सेलिनाला कॉन्टॅक्ट लेन्स घालायला लावतो, त्यात कॅमेरा, आणि क्लबच्या खालच्या मजल्यावर पाठवतो जिथे शहरातले मोठमोठे अधिकारी बसलेले. तिला जे दिसतं ते त्याला दिसतं. पुरुष जवळ येतात, वरखाली बघतात, लगट करतात, आणि कानात बॅटमॅनचा आवाज, की ह्याच्याकडे बघ, नजर हलवू नको, अजून थोडं बघ. कानात एक आणि समोर दुसरे. तिला मैत्रीण ॲनिकाचा शोध घ्यायचाय म्हणून सगळं सोसते आणि शेवटी सहन होत नाही तेव्हा निघून जाते, लेन्स काढते, संपलं. जिच्याकडे कुणी बघत नाही असा तुझा धागा आहे ना, इथे तिच्या डोळ्यांतूनच दुसरा बघतोय, म्हणजे तो धागा पार टोकाला गेला.

क्रॅविट्झचं दुःख जास्त खरं आहे कारण ते मैत्रिणीसाठी आहे. ॲनिकाचा जीव जातानाचं फोनवरचं रेकॉर्डिंग ती ऐकते तो सीन मला दुसऱ्यांदा बघवला नाही. गुंडांचा म्होरक्या फाल्कोन तिचा बाप, त्याने तिच्या आईचा पण गळा दाबलेला. मुखवटा म्हणजे साधी विणलेली टोपी ओढून घेतलेली. आणि शेवटी दोघं मोटारसायकलवर थोडं अंतर बरोबर जातात, ती वेगळ्या रस्त्याने निघून जाते, तो थांब म्हणत नाही, ती पण मागे वळत नाही.

जत्रेतली_नटी

डिचोलीच्या बाई, लेन्सचा सीन अगदी बरोबर काढलात. पण फाल्कोनला मारायला ती जाते तेव्हा बॅटमॅन येऊन हात धरतो आणि तिला समजावतो, ते मला आजही सलतं. तिच्या आईचा खून, तिच्या मैत्रिणीचा खून, आणि नीतीचा धडा देणार कोण तर ज्याचं घरदार भरलेलं आहे तो. फायफरला पण १९९२ मध्ये तो हेच सांगतो, स्वतःचा मुखवटा फाडून काढतो, आपण दोघं सारखे आहोत म्हणतो, घरी चल म्हणतो. ती त्याच्या गालावर नखं ओढते. तुझ्याबरोबर वाड्यात राहायला मला आवडलं असतं पण मग मला स्वतःबरोबर राहता आलं नसतं, अशा अर्थाचं बोलते आणि मालकाकडे वळते. गोळ्या खाते, मांजरीच्या नऊ जिवांतला एकेक जीव मोजते, आणि हिशेब स्वतः पुरा करते. २०२२ च्या सेलिनाला तो हिशेब पुरा करू दिला नाही, फाल्कोनला गोळी घातली त्या सिनेमातल्या खलनायकाने, रिडलरने.

रेवा, वेळ दोन तासच असेल तर तिन्ही सिनेमांतले ट्रेचे सीन एकापाठोपाठ लाव, आधी मीटिंगमधली कॉफी, मग मोलकरीण, मग क्लबातली वेट्रेस, मध्ये काही बोलू नको. त्यानंतर लेन्स. आणि हे दोन शेवट, १९९२ चा आणि फाल्कोनचा, समोरासमोर ठेवून मुलींना विचार की हात धरायला आलेल्याचं ऐकावं की नाही. मुलग्यांना पण विचार. किटचा एखादा मिनिटभराचा तुकडा सगळ्यात आधी, अंधार करून, चित्र न दाखवता नुसता आवाज.